कृपा (ख्रिस्ती धर्मविचार)

ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणसाची पात्रता न पाहता देव त्याला पापातून सोडवतो आणि स्वतःशी पुन्हा जोडून घेतो. देवाच्या या अनुग्रहाला कृपा म्हणतात आणि त्यातून लाभणाऱ्या सुटकेला तारण. पाप, कृपा व तारण या तिन्ही कल्पना एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पापाची जाणीव उथळ असली की तारणाची गरज भासत नाही. आणि तारण स्वतःच्या बळावर कमावता येते असे मानले की कृपेला काही कामच उरत नाही. ख्रिस्ती धर्मविचारातले कितीतरी मोठे वाद या दुसऱ्या मुद्द्यावरून पेटले.

बायबलमधील पापाची कथा उत्पत्ती या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात येते. मना केलेले फळ आदाम व हव्वा यांनी खाल्ले, एवढेच सहसा लक्षात राहते. पण त्यानंतर जे घडते ते अधिक बोलके आहे : दोघे देवापासून लपतात आणि विचारणा होताच आदाम हव्वेकडे, हव्वा सापाकडे बोट दाखवते. देवाशी असलेले नाते तुटताच माणसामाणसातले नातेही तुटते. चोरी, असत्य, हिंसा ही या तुटीची फळे मानली जातात. इ. स. ५७च्या सुमारास लिहिलेल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौलाने यहुदी व यहुदीतर अशा सर्वांनाच पापाच्या अमलाखाली आणून बसवले. मृत्यू हे पापाचे वेतन आणि सार्वकालिक जीवन हे देवाचे दान, अशी त्याची मांडणी आहे.

वेतन आणि दान यांतला हा फरक येशूच्या उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात (लूक, अध्याय १५) स्पष्ट दिसतो. सारी संपत्ती उडवून घरी परतणारा मुलगा वाटेत बोलायची वाक्ये जुळवून ठेवतो. त्यांतले शेवटचे वाक्य ‘मला मजुरांत ठेवा’ अशा अर्थाचे असते. बाप त्याला दुरूनच पाहतो, धावत जाऊन मिठी मारतो. मुलगा अपराध कबूल करतो, पण मजुरीचे वाक्य त्याच्या तोंडून निघण्याआधीच बाप झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. ख्रिस्ती कृपाविचार समजून घेण्यासाठी याहून चांगली वाट नाही. मुलाचा पश्चात्ताप खरा आहे, तरी क्षमा त्या पश्चात्तापाची किंमत म्हणून मिळालेली नाही.

हे दान ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणातून व पुनरुत्थानातून मिळते, याबद्दल सर्व मुख्य पंथांचे एकमत आहे. ते कसे घडते, याची उत्तरे मात्र वेगवेगळी आहेत. पाप व मृत्यू यांच्या सत्तेवर ख्रिस्ताने मिळवलेला विजय, अशी आरंभीच्या चर्चपित्यांची धारणा होती. कँटरबरीच्या अन्सेल्मने १०९८च्या सुमारास ते मरण देवाच्या गौरवाची, मानवाला न झेपणारी भरपाई ठरवले. तर अ‍ॅबेलार्डने त्या मरणातून प्रकट होणाऱ्या आणि माणसाला पालटणाऱ्या प्रेमावर भर दिला. पहिल्या सात वैश्विक धर्मपरिषदांपैकी एकीनेही यांतली कोणतीही एक उपपत्ती बंधनकारक केली नाही.

पश्चिमेकडील कृपाविचाराला आकार दिला तो उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) याने. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेल्या नासपतींच्या चोरीचे त्याने आपल्या आत्मनिवेदनात बारकाईने परीक्षण केले आहे. भूक नव्हती, फळेही डुकरांपुढे टाकली. निषिद्ध ते करण्यातच गोडी होती. मानवी इच्छाच वाकलेली आहे, हा त्याचा निष्कर्ष अशा स्वानुभवातून आलेला आहे. याउलट ब्रिटनमधून आलेला तपस्वी पेलाजियस म्हणे, देवाने आज्ञा दिली असेल तर ती पाळण्याची शक्तीही माणसात असलीच पाहिजे. नैतिक आळसाला निमित्त मिळू नये, ही त्याची कळकळ खरी होती. कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ मध्ये त्याची मते अमान्य केली. ऑगस्टिनचे तर्कशास्त्रही एका ठिकाणी कठोर होते : आदिपापाचा दोष जन्मतःच असल्यामुळे बाप्तिस्म्याविना मेलेली अर्भकेही, सौम्य का होईना, दंडास पात्र ठरतात असे त्याने मानले. कृपेच्या सर्वांत मोठ्या भाष्यकाराने कृपेला घातलेली ही मर्यादा मन मान्य करत नाही. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेने आदामाच्या अपराधाचा दोष वंशजांवर लादला नाही. मृत्यू व विकार यांचा वारसा तेवढा मानला आणि तारणाकडे देवाच्या जीवनात सहभागी होण्याची वाटचाल म्हणून पाहिले. बाप्तिस्म्याविना मेलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत, असे रोमन कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये म्हटले.

सोळाव्या शतकात तारण कृपेने की स्वबळावर, हाच प्रश्न युरोप दुभंगण्यास कारण झाला. उपास, जागरण आणि वारंवार पापनिवेदन करूनही मठवासी मार्टिन ल्यूथरला शांती लाभत नव्हती. दुसरीकडे रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी पैसे घेऊन दंडमाफीपत्रे दिली जात होती. ल्यूथरने १५१७ मध्ये याविरुद्ध पंचाण्णव प्रमेये मांडली. पापी माणूस केवळ विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो, हा पुढे त्याच्या शिकवणीचा कणा झाला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये आरंभ कृपेचाच असतो हे ठामपणे सांगितले. परंतु माणूस तिला मुक्तपणे साथ देतो आणि ती त्याला आतून खरोखर पालटते, असेही म्हटले. या दोन भूमिका त्या काळच्या वादांत दिसल्या त्याहून एकमेकींच्या बऱ्याच जवळ आहेत. लूथरन जागतिक महासंघ व कॅथलिक चर्च यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या करून, तारण आपल्या गुणांमुळे नसून कृपेने मिळते हे एकत्र मान्य केले.

मराठीत हा विषय जुना आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मानवाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या कार्यापर्यंतची कथा ओवीबद्ध झाली आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तर तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हणत. देवापुढे रिकाम्या हाताने उभे राहणे मराठी भक्ताला नवे नव्हते.

सर्वांत अंतर्मुख करणारी साक्ष पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, असे त्यांनी मागे वळून पाहताना लिहिले. विल्यम हॅसलम या धर्मगुरूचे आत्मकथन वाचून त्या अस्वस्थ झाल्या आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी तारण हे निखळ दान असल्याची त्यांची खात्री पटली. त्या दानाला जात, लिंग किंवा कर्म यांची अट नाही, हे त्यांना विशेष भावले. स्त्रीला मोक्षासाठी पतिसेवेवाचून मार्ग नाही असे सांगणारी शास्त्रे त्यांनी मुळातून वाचली होती, त्यामुळे या शब्दांचे वजन त्यांना ठाऊक होते. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये झालेल्या धार्मिक जागृतीत शेकडो स्त्रिया व मुली उघडपणे पापांगीकार करीत प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या साध्या मराठी भाषांतराला दिली. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.