खनिजे शाप देत नाहीत, माणसे लुटतात

ज्या देशाच्या पोटात तांबे, हिरे, कोबाल्ट आहे, त्या देशाची लेकरे उपाशी का? अर्थशास्त्राची पुस्तके याला एक नाव देतात : 'संसाधनांचा शाप'. या शब्दालाच आमचा आक्षेप आहे. शाप म्हटले की गुन्हेगार नाहीसा होतो. गावकुसाबाहेरच्या दारिद्र्याला पूर्वजन्मीचे कर्म म्हणणाऱ्यांनीही हेच केले होते. म्हणून आम्ही कांगोचा इतिहास तपासतो. तिथे शाप सापडत नाही. नावे आणि तारखा सापडतात.

१८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेच्या सत्तांनी बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याचा कांगोवरचा हक्क मान्य केला. एवढा मोठा देश एका माणसाची खासगी मिळकत झाला! पुढे हवेच्या टायरमुळे रबराची मागणी वाढली. गावागावावर रबराचा कोटा बसला. तो भरला नाही तर बायका ओलीस ठेवल्या जात, पुरुषांना चाबकाने फोडले जाई, गोळ्या घातल्या जात. गोळी वाया गेली नाही याचा पुरावा म्हणून सैनिक माणसांचे हात तोडून आणत, कधी कधी जिवंत माणसांचेही.

एडमंड मोरेल हा ब्रिटिश जहाज कंपनीतला कारकून. अँटवर्पच्या बंदरात त्याने हिशेब पाहिला. कांगोहून जहाजे रबर आणि हस्तिदंत भरून येत होती; जाताना मुख्यतः बंदुका आणि काडतुसे नेत होती. बदल्यात माल जातच नसेल, तर हा व्यापार कसला? ही वेठबिगारी आहे, हे त्याने ओळखले आणि जगापुढे मांडले. बोभाटा झाल्यावर १९०८ मध्ये कांगो राजाकडून बेल्जियम सरकारकडे गेला. मालक बदलला, लूट चालू राहिली.

१९०६ मध्ये स्थापन झालेल्या युनियन मिनिएर कंपनीने कटांगा प्रांतातले तांबे उपसले. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बसाठी लागलेले बरेचसे युरेनियमही तिच्याच शिंकोलोब्वे खाणीतले. आणि कांगोच्या माणसाला काय मिळाले? १९६० मध्ये स्वातंत्र्य आले तेव्हा त्या अफाट देशात पदवीधर तीससुद्धा नव्हते. सैन्यात एकही काळा अधिकारी नव्हता. खाणीला हात हवे होते, डोकी नको होती. शिक्षण नाकारण्याचे हे तंत्र आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

३० जून १९६० रोजी कांगो स्वतंत्र झाला. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना देशाची संपत्ती देशासाठी हवी होती. दोन आठवड्यांच्या आत, ११ जुलैला, खाणींचा कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठबळावर फुटून निघाला. कंपनीने आपला कर या फुटीर सरकारकडे भरला. १७ जानेवारी १९६१ रोजी त्याच कटांगात लुमुंबांना गोळ्या घालण्यात आल्या. बेल्जियमने माफी मागायला २००२ साल उजाडले.

१९६५ ला मोबुटू सत्तेवर आला, अमेरिकेच्या आशीर्वादाने. त्याने १९६७ मध्ये कंपनीच्या खाणी सरकारी केल्या. मग गरिबी का हटली नाही? कारण खाण सरकारची झाली, पण सरकार जनतेचे नव्हते. राज्यकर्त्याला खाणीतून आयता पैसा मिळाला की त्याला रयतेच्या कराची गरज उरत नाही, आणि हिशेब देण्याचीही. मोबुटूने आपल्या गावी महाल आणि कॉन्कॉर्ड विमान उतरेल अशी धावपट्टी बांधली. गोरा मालक गेला, काळा मालक आला. आपला माणूस सत्तेवर बसला की आपले राज्य आले, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावे.

आज जगातले सुमारे ७० टक्के कोबाल्ट कांगोतून निघते. आमच्या हातातल्या मोबाईलच्या बॅटरीत ते असू शकते. ते खणणाऱ्यांत लहान मुलेही आहेत.

आता बोट्सवाना पाहा. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वात गरीब देशांपैकी एक. १९६७ मध्ये तिथे ओरापा इथे हिरे सापडले. जमातींच्या जमिनीखालचे खनिज राष्ट्राचे, असा कायदा झाला. निवडणुका नियमित होत राहिल्या. पैसा शाळा, दवाखाने, रस्त्यांवर खर्च झाला. देश मध्यम उत्पन्नाच्या गटात पोहोचला. हिरे शापित असते तर हे घडले नसते. पण तिथेही विषमता मोठी आहे, आणि सान आदिवासींना कलहारीतल्या भूमीवरून हटवले गेले. २००६ मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. राष्ट्र श्रीमंत झाले म्हणून शेवटचा माणूस आपोआप श्रीमंत होत नाही.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे मांडले. पण त्यासोबत संसदीय लोकशाही हवी आणि हुकूमशाही टाळली पाहिजे, ही अटही घातली. मोबुटूचा कांगो या अटीचे मोल सांगतो.

म्हणून कुठल्याही खाणीपुढे उभे राहून आम्ही तीन प्रश्न विचारू : मालकी कोणाची? हिशेब कोण तपासतो? पैसा कोणाच्या लेकरांच्या शाळेत जातो? उत्तरे मिळाली नाहीत, तर शाप शोधू नका, चोर शोधा.

जय भीम!