बोट की बोगदा? एका तिकिटामागची दोनशे वर्षं

आजच्या एपिसोडचा विषय आहे एक तिकीट.

समजा, तुमची लंडनमधली मैत्रीण फेब्रुवारीच्या सुट्टीत चौघांना गाडीत घालून फ्रेंच आल्प्समध्ये स्कीइंगला निघालीये. मध्ये आहे इंग्लिश खाडी, म्हणजेच समुद्र. अगदी अरुंद जागी बघितली तरी ३३ किलोमीटर. आता पर्याय दोन. डोव्हरहून कॅलेला फेरी, साधारण दीड तास. नाहीतर फोकस्टनहून समुद्राखालचा बोगदा, ३५ मिनिटं. फोनवर दोन टॅब उघडायचे, भाडं बघायचं, बुक करायचं. झालं!

पण हा 'दोनातला एक' पर्याय समोर यायला जवळपास दोनशे वर्षं लागली. आणि ती सगळी वर्षं एकाच प्रश्नाभोवती फिरलीयेत: भीती नेमकी कशाची?

चला १८०२ मध्ये. आल्बेर माथ्यू या फ्रेंच इंजिनिअरने नेपोलियनच्या काळात एक योजना मांडली. समुद्राखाली बोगदा, त्यातून घोडागाड्या, उजेडाला तेलाचे दिवे, हवेसाठी पाण्याच्या वर निघालेली धुरांडी. आणि घोडे बदलायला खाडीच्या मधोमध एक कृत्रिम बेट! थोड्याच दिवसांत फ्रान्स-ब्रिटन पुन्हा लढायला लागले आणि योजना कागदावरच राहिली.

मात्र १८८० च्या सुमारास खरंच खोदायला सुरुवात झाली. ब्रिटनमधले रेल्वेसम्राट सर एडवर्ड वॉटकिन यांनी डोव्हरजवळ काम काढलं. पलीकडे फ्रेंचांनीही सांगातला खोदकाम सुरू केलं. खाली खडूमिश्रित मातीचा एक थर आहे. खोदायला मऊ, पण पाणी सहसा आत येऊ न देणारा. म्हणजे निसर्गाने वाट जवळपास तयारच ठेवली होती. मग अडलं कुठे? जनरल वूल्झली यांनी हाकाटी केली: उद्या फ्रेंच सैन्य याच बोगद्यातून आलं तर? समुद्र हाच आपला खंदक, तो आपणच कशाला बुजवायचा? १८८२ मध्ये सरकारने काम थांबवलं. इंजिनिअरिंग हरलं नव्हतं, भीती जिंकली होती.

बोगदा अडला, पण माणसं थोडीच थांबणार? १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या पैसेवाल्यांकडे मोटारी आल्या आणि त्यांना त्या युरोपात न्यायच्या होत्या. तेव्हा गाडी क्रेनने उचलून बोटीत ठेवायचे, आणि रेल्वे कंपनी त्याचं भाडंही दणदणीत घ्यायची. १९२८ मध्ये कॅप्टन स्टुअर्ट टाउनसेंड यांनी एक छोटी मालवाहू बोट भाड्याने घेतली आणि स्वस्तात गाड्या न्यायला सुरुवात केली. रेल्वेने दर उतरवावेत, एवढाच मूळ हेतू होता. पण धंदा असा चालला की त्यातून मोठी फेरी कंपनीच उभी राहिली. १९५३ मध्ये डोव्हरला खास मोटारींच्या फेरीसाठी टर्मिनल झालं. गाडी चालवत आत, पलीकडे चालवत बाहेर. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो पाहिली असेल, तर तत्त्व तेच.

मधल्या काळात त्याच आल्प्समध्ये हिवाळी सुट्टीची चटक इंग्रजांनाच लागली होती. स्वित्झर्लंडमधल्या म्युरेनला १९२२ मध्ये आधुनिक स्लॅलम शर्यत मांडली ती अर्नोल्ड लन या इंग्रजानेच. पुढे मोटारी मध्यमवर्गाकडे आल्या, आणि छतावर स्की बांधून खाडी ओलांडणं नेहमीचं झालं.

बोगद्याचं काय? १९७४ मध्ये काम पुन्हा सुरू झालं. जानेवारी १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारने खर्चाच्या धास्तीने माघार घेतली. शेवटी फेब्रुवारी १९८६ मध्ये कँटरबरीला दोन्ही देशांचा करार झाला. थॅचर बाईंची अट होती की सरकारी पैसा मिळणार नाही. त्यांना गाडी थेट चालवत नेता येईल असा रस्ता आवडला असता. पण ५० किलोमीटर बोगद्यातला धूर बाहेर कसा काढायचा? म्हणून ठरलं: गाडी ट्रेनमध्ये चढवायची. तुमची मैत्रीण आज आपल्याच गाडीत बसून ट्रेनने जाते, त्याचं कारण हे.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात जड भाग. ६ मार्च १९८७. 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही फेरी बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून डोव्हरला निघाली. पुढचा मोठा दरवाजा उघडाच राहिला होता. तो बंद करणारा कर्मचारी झोपलेला होता, आणि कॅप्टनला दरवाजा दिसायची सोय नव्हती. गाड्यांच्या डेकवर पाणी घुसलं आणि बघता बघता बोट आडवी झाली. १९३ माणसं गेली. चौकशीत पुढे आलं की दरवाजा बंद आहे की नाही हे दाखवणारा दिवा बसवा, अशी मागणी कंपनीच्याच कॅप्टनांनी आधी केली होती. वरिष्ठांनी ती उडवून लावली होती. शंभर वर्षं बोगद्यातून शत्रू येईल म्हणून घाबरणाऱ्या देशात माणसं गेली ती एका साध्या दिव्यावाचून.

बोगदाही रक्त न सांडता झाला नाही. बांधकामात १० कामगार मेले. १ डिसेंबर १९९० ला दोन्हीकडचे खोदणारे समुद्राखाली एकमेकांना भेटले, आणि ६ मे १९९४ ला राणी एलिझाबेथ आणि अध्यक्ष मितराँ यांनी उद्घाटन केलं. रेल्वेचे दोन बोगदे, मधोमध सुटकेसाठी तिसरा. १९९६ मध्ये ट्रक नेणाऱ्या शटलला आग लागली, तेव्हा सगळे याच तिसऱ्या बोगद्यामुळे जिवंत वाचले.

फेऱ्या मग बंद पडल्या का? नाही! स्पर्धेने भाडी उतरली. १९६८ पासून अर्ध्या तासात खाडी पार करणारी हॉवरक्राफ्ट मात्र २००० मध्ये थांबली. वेग हाच तिचा हुकमी पत्ता होता, तो बोगद्याने काढून घेतला.

मग मैत्रिणीने काय निवडावं? वादळी वारा असेल तर बोगदा बरा, लाटांशी संबंधच नाही. पण बोगद्यालाही बर्फाचा फटका बसतो. डिसेंबर २००९ मध्ये बारीक कोरडा बर्फ इंजिनांत शिरला, बोगद्याच्या उबेत वितळला आणि पाच युरोस्टार गाड्या आत बंद पडल्या. दोन हजारांवर प्रवासी रात्रभर अडकले. छतावर स्कीचा बॉक्स असेल तर गाडीची उंची आधी मोजा, कारण १.८५ मीटरच्या वर गेलात तर वेगळ्या डब्यात जावं लागतं. एलपीजीवर चालणारी गाडी बोगद्यात घेतच नाहीत. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा दोन्हीकडे लागतो. फ्रेंच अधिकारी तो इंग्लंडच्या बाजूलाच तपासतात.

माझं मत विचाराल, तर एकटाच ड्रायव्हर असेल तर फेरी. कॅलेहून आल्प्स अजून ९०० किलोमीटरच्या आसपास आहे. दीड तास पाय मोकळे करायचे, गरम जेवायचं आणि मग स्टिअरिंग धरायचं. दोघं आलटूनपालटून चालवणार असतील तर खुशाल बोगदा.

काहीही निवडा, फेरीच्या ब्रिजवर आज तो दिवा आहे आणि बोगद्यात ती तिसरी वाट आहे. एक अपघातानंतर शहाणपण येऊन बसवलेला, दुसरी आधीच विचार करून ठेवलेली. तुम्ही कुठल्या वाटेने गेला असता, कमेंटमध्ये कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!