इस्त्रीला चिकटलेला थर कसा काढावा?

पांढऱ्या शर्टावर गरम इस्त्री फिरवताना कॉलरवर अचानक तपकिरी डाग उमटतो. दोष शर्टाचा नसतो. इस्त्रीच्या तळाला चिकटलेला जुना थर उष्णतेने सैल होऊन कपड्यावर उतरतो. हा थर काढण्याचे बरेच घरगुती उपाय प्रचलित आहेत. मात्र थर कशाचा आहे आणि तळ कोणत्या प्रकारचा आहे, हे न पाहता केलेला उपाय इस्त्रीच खराब करू शकतो.

थर कशाचा आहे?

खळ: साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पेजेची खळ म्हणजे स्टार्च. कपडा ओलसर असताना किंवा इस्त्री फार गरम असताना तो तळाला चिकटतो आणि करपून तपकिरी होतो.

वितळलेले कापड: नायलॉन, पॉलिएस्टर, अ‍ॅक्रिलिक हे धागे म्हणजे एक प्रकारचे प्लॅस्टिकच. जास्त उष्णतेने ते मऊ पडून तळाला चिकटतात. टी-शर्टवरील रबरी छपाईचेही तसेच होते. हा थर काळपट व चिवट असतो.

क्षार: वाफेच्या इस्त्रीत बोअरचे जड पाणी भरले, की छिद्रांभोवती पांढरी पूड साचते. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते.

तळ कोणता आहे?

साध्या धातूचा तळ थोडे घासणे सोसतो. नॉन-स्टिक लेप असलेल्या तळावर ओरखडा गेला, की लेप निघू लागतो आणि तिथेच पुन्हा थर धरतो. म्हणून अशा तळावर फक्त मऊ कापड वापरावे.

थर कसा काढावा?

१. खळीचा थर पाण्याने मऊ होतो. प्लग काढून इस्त्री पूर्ण गार होऊ द्यावी. साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले कापड तळावर दहा-पंधरा मिनिटे ठेवून मग पुसावे.

२. तळ साध्या धातूचा असेल आणि तरीही डाग राहिला, तर खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून केलेली घट्ट पेस्ट बोटाने हलकेच चोळावी व लगेच पुसावी. अ‍ॅल्युमिनियमवर ती फार वेळ राहिल्यास तळ काळवंडतो.

३. वितळलेल्या कापडावर पाण्याचा उपयोग होत नाही. इस्त्री मंद गरम करून प्लग काढावा. थर मऊ पडताच लाकडी उलथन्याच्या कडेने तो सावकाश सरकवावा आणि उरलेला भाग जाड, कोरड्या सुती कापडावर इस्त्री फिरवून काढावा. सुरी किंवा ब्लेड वापरू नये.

४. क्षारांसाठी गार इस्त्रीच्या छिद्रांवर व्हिनेगरमध्ये बुडवलेली कापसाची काडी फिरवावी. आम्लामुळे कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. नंतर ओल्या कापडाने पुसावे. टाकीत मात्र माहितीपत्रकात परवानगी असेल तरच व्हिनेगर घालावे. आतील भाग त्याने खराब होऊ शकतात.

पॅरासिटामॉलची गोळी चालते का?

गरम तळावर ही गोळी घासण्याचा उपाय बराच प्रचलित आहे. हे औषध साधारण १६९ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे इस्त्री चांगलीच तापलेली असावी लागते. त्यात बोटे भाजण्याचा आणि धूर नाकात जाण्याचा धोका आहे. वरच्या उपायांनी काम होत असताना हा धोका पत्करण्याची गरज नाही.

काय टाळावे?

इस्त्री पाण्यात बुडवू नये किंवा नळाखाली धरू नये. विजेचा धक्का बसू शकतो. गरम तळाला नेलपॉलिश रिमूव्हर लावू नये, तो पटकन पेट घेतो. तारेची घासणी लेप असलेल्या तळावर कधीही वापरू नये.

पुन्हा थर बसू नये म्हणून

कपड्याच्या लेबलवरील इस्त्रीच्या चित्रातील ठिपके पाहावेत: एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंश सेल्सियस. कमी उष्णतेचे कपडे आधी करून सुती कपडे शेवटी घ्यावेत. छपाई असलेला टी-शर्ट उलटा करून इस्त्री करावी. साफ केलेली इस्त्री कपड्यांना लावण्यापूर्वी जुन्या सुती फडक्यावर फिरवून पाहावी. फडके स्वच्छ राहिले, तरच पांढरा शर्ट हातात घ्यावा.