मुक्त कार्यप्रणाली आणि नवशिका

लॅपटॉप विकत घेणारा मनुष्य यंत्राचा धनी होतो. परंतु त्या यंत्रास चालविणारी जी कार्यप्रणाली, तिचा तो बहुधा भाडेकरीच राहतो. हा भेद १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं पुष्कळांच्या ध्यानांत आला. त्या दिवशीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला, आणि जे लॅपटॉप पुढील प्रणालीच्या अटींत बसत नव्हते ते धडधाकट असूनहि एकाएकीं जुने ठरले. अशा वेळीं मुक्त प्रणालीकडे वळावें असें नवशिक्यास वाटतें. पण हात दाखवून अवलक्षण होईल या भीतीनें तो थबकतो. ही भीति कसकशी ओसरत गेली, हें पाहण्यासारखें आहे.

२७ सप्टेंबर १९८३ रोजीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली वापरावी, तिची रचना अभ्यासावी, ती बदलावी व इतरांस वांटावी, हा वापरणाराचा अधिकार होय, हें त्या चळवळीचें तत्त्व. येथें मुक्त म्हणजे फुकट नव्हे. या प्रणालीस जो गाभा हवा होता, तो १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें छंद म्हणून लिहावयास घेतला, आणि १९९२ सालीं तो ग्नूच्याच परवान्याखालीं आणिला. अधिकार सिद्ध झाला खरा. पण तो कागदावर. सामान्य मनुष्यास हार्ड डिस्कचे भाग स्वतः पाडावे लागत, आणि एक चूक झाली कीं वर्षांचे कागद व छायाचित्रें नाहींशीं होत. ज्या अधिकाराची पहिली किंमत सर्वस्वाची जोखीम, तो कितीजण बजावणार?

ही अडचण ज्यांनीं दूर केली, त्यांत जर्मनीचे क्लाउस क्नॉपर यांचें नांव घेतलें पाहिजे. २००० सालच्या त्यांच्या नॉपिक्समध्यें संपूर्ण प्रणाली सीडीवरूनच चाले. सीडी काढून यंत्र पुन्हां सुरू केलें कीं जुनी व्यवस्था जशीच्या तशी. विहिरींत उडी घेण्यापूर्वीं पायरीवर बसून पाय बुडवून पाहावे, तशी ही सोय. ऑक्टोबर २००४ मध्यें उबुंटू निघालें. २००६ पासून त्याची एकच सीडी आधीं पाहावयास आणि मग बसवावयास पुरूं लागली. या सीड्या २०११ पर्यंत मागेल त्यास टपालानें विनामूल्य मिळत. आज तेंच काम पेन ड्राइव्ह करितो.

म्हणून नवशिक्यानें प्रथम आपल्या कागदपत्रांची प्रत निराळी ठेवावी, मग पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून वाय-फाय, ध्वनि व प्रिंटर तपासावे, आणि नित्याच्या कामाचें सर्व साहित्य तेथें चालतें कीं नाहीं हें पाहावें. कांहींचें चालत नाहीं. तें आधीं कळलेलें बरें. न पटल्यास परत फिरतां येतें. स्टॉलमन यांनीं अधिकाराचा उच्चार केला. पण परतीची वाट उघडी राहिली तेव्हांच सामान्य मनुष्यानें त्या दिशेनें पहिलें पाऊल टाकिलें.