अर्जातला शेवटचा रकाना

आमच्या मोहल्ल्यातली मुलं बायोडाटा घेऊन माझ्याकडे येतात. 'चाचा, शिक्षण वर घेऊ की अनुभव?' मी साधा बी.ए., त्यातून कवी. मला काय विचारता? तरी मी त्यांना पाचशे वर्षांपूर्वीच्या एका अर्जाची गोष्ट सांगतो.

१४८२च्या सुमारास तिशीतला लिओनार्दो दा विंची फ्लॉरेन्सहून मिलानला गेला. तिथला सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्या पदरी नोकरी मिळावी, म्हणून त्याने पत्र तयार केलं. त्याचा मसुदा मिलानच्या अँब्रोसियाना ग्रंथालयात आजही आहे.

मुद्दे आकडे घालून मांडलेत. पहिला पुलांचा : हलके, मजबूत, शत्रूचा पाठलाग करताना उचलून नेता येतील असे. मग वेढ्यात खंदकाचं पाणी कसं काढायचं, तट कसा पाडायचा, आवाज न करता भुयार कसं खणायचं. तोफा, झाकलेले रथ, समुद्रावरची लढाई. नऊ मुद्दे नुसते युद्धाचे! दहाव्यात कुठे शांतता उजाडते आणि इमारती बांधण्याचं, पाणी खेळवण्याचं नाव निघतं. त्यानंतर, जाता जाता, शिल्प आणि चित्रकला.

वडील कोण, शिकला कुठे, कोणत्या उस्तादाच्या हाताखाली राबला, यातलं काहीच नाही. नोटरीचा हा अनौरस मुलगा लॅटिनची रीतसर शाळा शिकलेला नव्हता. ते रकाने त्याने ठेवलेच नाहीत. फेराराच्या युद्धात तेव्हा मिलान व्हेनिसविरुद्ध उभं होतं. धन्याची गरज हेरूनच त्याने क्रम लावला. थोडी बढाईही मारली म्हणा. रणांगणाचा अनुभव त्याला कुठे होता?

पत्राच्या शेवटाकडे आणखी एक वचन आहे : लुडोविकोच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडा घडवीन. ते काम त्याला पुढे मिळालं. १४९३मध्ये मातीचा अवाढव्य नमुना उभा राहिला. पण १४९४मध्ये घोड्यासाठी साठवलेलं ब्राँझ तोफांकडे गेलं. १४९९मध्ये फ्रेंच फौज शिरली आणि तिच्या तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेम धरून तो मोडला. मधल्या काळात एका मठाच्या जेवणघरातल्या भिंतीवर त्याने 'लास्ट सपर' रंगवलं होतं. म्हणजे अर्जातल्या शेपटाचंच काम.

परवा एक मुलगी आली. कागदाच्या तळाशी 'छंद : चित्रकला'. म्हटलं, 'बेटा, हे वर घेऊ या?'

'चाचा, अर्ज बँकेसाठी आहे.'

मी मुकाट्याने कागद परत दिला. माझ्या पहिल्या अर्जात कविता मीही छंदातच घातल्या होत्या.