अवांतर वाचन आणि मराठी समीक्षेची विद्यार्थिदशा

१

मराठी समीक्षेचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः ग्रंथ, नियतकालिके आणि समीक्षक या तीन खुणांच्या आधारे वाट आखतो. या मांडणीत समीक्षक हा प्रथमपासूनच प्रौढ, अधिकारी आणि बहुधा संपादक वा अध्यापक असतो. तो वाचक कसा झाला, कोणत्या वयात आणि कोणत्या परिस्थितीत त्याने वाचलेल्याविषयी जाहीरपणे बोलण्यास आरंभ केला, हे प्रश्न चरित्रकाराकडे सोपवले जातात. वाङ्मयेतिहास त्यांच्याकडे लक्ष देत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील ग्रंथविचाराचे लेखन जवळून पाहिले, तर त्यातील बराच महत्त्वाचा भाग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी, किंवा नुकतीच विद्यार्थिदशा संपलेल्या तरुणांनी केलेला दिसतो. हा केवळ वयाचा योगायोग मानणे पुरेसे नाही. ज्या वाचनातून हे लेखन झाले, त्या वाचनाचे अभ्यासक्रमाशी एक विशिष्ट प्रकारचे नाते होते. त्या नात्यासाठी आपल्या शैक्षणिक व्यवहारात एक शब्द रूढ आहे : अवांतर वाचन. नेमलेल्या पुस्तकांपलीकडचे, परीक्षेच्या दृष्टीने गौण असलेले वाचन, असा त्याचा अर्थ. मराठी समीक्षा या अवांतर प्रदेशात घडली, आणि या उगमाचा तिच्या बळाशी व तिच्या मर्यादांशीही संबंध आहे, असे प्रस्तुत लेखात सुचवायचे आहे.

२

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. प्रा. पॅटन यांचे मार्गदर्शन आणि दादाभाई नौरोजींसारख्या तरुणांचा पुढाकार या संस्थेला लाभला. मुख्य सभेत निबंध इंग्रजीतून वाचले जात. लवकरच मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू झाले. निबंधांचे विषय प्रामुख्याने उपयुक्त ज्ञानाचे होते. साहित्यविचार हा त्या सभेचा मुख्य हेतू नव्हे. तरीही समीक्षेच्या दृष्टीने तेथे एक मूलभूत गोष्ट घडली. विद्यार्थ्याने इंग्रजी ग्रंथातून वाचलेले मराठीत आणावे, समवयस्कांपुढे मांडावे आणि त्यावरील प्रश्नांना सामोरे जावे, असा प्रघात पडला. मराठी निबंधाच्या घडणीत छापील पृष्ठाइतकाच या सभेचाही वाटा मानला पाहिजे. सभेतील निबंधाला समोर बसलेला वाचक असतो. परीक्षेच्या उत्तराला असतो तो परीक्षक.

याच सभासदांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी तेथे विनावेतन शिकवलेही. आपण वाचले ते दुसऱ्यापर्यंत पोचवले पाहिजे ही जाणीव या पिढीत वाचनाबरोबरच आली होती. उपदेशाचा जो सूर पुढे मराठी ग्रंथपरीक्षणात दीर्घकाळ टिकून राहिला, त्याचे एक मूळ येथे शोधता येईल.

३

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये रानडे, भांडारकर यांची पहिली तुकडी बी.ए. झाली. त्याच सुमारास विद्यापीठाने पदवीच्या अभ्यासक्रमातून देशी भाषा वगळून त्यांच्या जागी संस्कृतादी अभिजात भाषांना स्थान दिले. या निर्णयाचे दुष्परिणाम पुष्कळ सांगितले गेले आहेत आणि ते खरेही आहेत. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम फारसा नोंदवला गेलेला नाही. यापुढे जो महाविद्यालयीन विद्यार्थी मराठी ग्रंथ वाचील आणि त्याविषयी लिहील, तो स्वेच्छेनेच ते करील, अशी स्थिती आली. मराठी हाच अवांतर वाचनाचा विषय बनला.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे या स्थितीचे ठळक उदाहरण होय. १८६६ मध्ये ते पुण्याच्या महाविद्यालयात दाखल झाले (तेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले), आणि पदवी मिळवण्यास त्यांना नेहमीपेक्षा अधिक वर्षे लागली. वर्गात शेक्सपिअर व इतर इंग्रजी ग्रंथकार नेमलेले होते. वर्गाबाहेर वडिलांनी, कृष्णशास्त्र्यांनी, आरंभलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर पुरे करण्याचे काम होते आणि ‘शालापत्रक’ होते. पुढे ‘संस्कृत कविपंचक’ या नावाने एकत्र झालेले कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्यावरील त्यांचे लेख ‘शालापत्रका’तूनच आले. नेमलेल्या वाचनाने दिलेली हत्यारे न नेमलेल्या ग्रंथांवर चालवून पाहण्याचा हा उद्योग होता. १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ निघाली, तेव्हा विष्णुशास्त्री चोविसाव्या वर्षात होते. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले. मराठी भाषेची तत्कालीन स्थिती, भाषांतर, मोरोपंतांची कविता असे विषय हाताळणाऱ्या या मालेत ‘वाचन’ या विषयावर स्वतंत्र निबंध असावा, हे अर्थपूर्ण आहे.

‘माले’तील समीक्षेचा आवेश, तिचा निःशंकपणा आणि तिचा उपहास यांची कारणे विष्णुशास्त्र्यांच्या स्वभावात शोधण्याची रूढी आहे. परंतु ज्या वाचकाला मराठीविषयी कोणतीही परीक्षा द्यायची नव्हती आणि या विषयात ज्याच्यावर कोणी गुरू नव्हता, त्या वाचकाचा हा आवाज आहे. त्याचे मानदंड जॉन्सन-मॅकॉले यांच्याकडून आले. ते मराठी ग्रंथांना लावण्याचा अधिकार मात्र त्याने स्वतःच स्वतःला दिला. या स्वयंघोषित अधिकाराची दुसरी बाजूही आहे. जोतीराव फुले यांच्या ग्रंथांवर ‘माले’त जे लिहिले गेले, ते वाचताना अवांतर वाचकाचे स्वातंत्र्य आणि जन्माने लाभलेली अक्षरसत्ता यांतील सीमारेषा पुसट होते. ग्रंथाचे परीक्षण करता करता ग्रंथकाराची लिहिण्याची पात्रताच तपासली जाते. अभ्यासक्रमाच्या बाहेर असलेला हा वाचक समाजरचनेच्या बाहेर नव्हता.

४

हरि नारायण आपटे यांच्या उदाहरणात हेच नाते वेगळ्या रीतीने दिसते. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर आणि आगरकर हे त्यांचे शिक्षक. मार्च १८८२ मध्ये विष्णुशास्त्री निवर्तले, तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी ‘शिष्यजनविलाप’ हे काव्य लिहिले. पुढच्याच वर्षी आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि त्यावर हरिभाऊंनी ‘निबंधचंद्रिके’त प्रदीर्घ परीक्षण लिहिले. एका गुरूच्या मृत्यूवर विलाप आणि दुसऱ्या गुरूच्या ग्रंथावर टीका ही दोन्ही लेखने एकाच विद्यार्थ्याची आणि जवळजवळ एकाच काळातली आहेत. दोन्हींचा एकत्र विचार केला म्हणजे त्या पिढीतील गुरुशिष्यसंबंधाचे स्वरूप ध्यानात येते. ग्रंथ छापला गेला की तो शिक्षकाचा राहत नाही, मूळ संहितेशी ताडून त्याविषयी बोलण्याचा अधिकार शिष्यालाही असतो, ही समजूत येथे कृतीत उतरली आहे. वर्गातील श्रेणी मोडल्याशिवाय असे परीक्षण शक्य नव्हते.

हरिभाऊंना गणिताने अडवले आणि पदवी मिळाली नाही. महाविद्यालयात असतानाच त्यांची ‘मधली स्थिति’ ही कादंबरी १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली होती. अवांतर वाचनाची अशी किंमत मोजावी लागे. पण या वाचनाचा एक लाभ अभ्यासक्रमात मावणारा नव्हता. ज्यांना महाविद्यालयाचे दार उघडेच नव्हते, अशा वाचकांशी ते जोडले गेले. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर यांच्याशी हरिभाऊंचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात ग्रंथचर्चेला मोठे स्थान आहे. काशीबाईंना महाविद्यालयीन शिक्षण मिळाले नव्हते आणि त्यांनी आपले वाचन घरातल्या मर्यादा सांभाळत वाढवले होते. या चर्चेत एका बाजूला पदवीच्या वाटेवर अडखळलेला विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला पदवीच्या वाटेवर पाऊलही टाकू न शकलेली वाचक स्त्री आहे. विद्यापीठीय समीक्षेच्या पूर्वेतिहासात या पत्रव्यवहाराला स्थान मिळायला हवे.

५

न्यायमूर्ती रानड्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९०१ च्या सुमारास मराठीचा एम.ए.च्या अभ्यासक्रमात प्रवेश झाला आणि यथाकाळ पदवीच्या पातळीवरही ती आली. तिला मिळालेली प्रतिष्ठा न्याय्य होती, आणि पाठचिकित्सा, वाङ्मयेतिहास, भाषाविचार या शाखांची वाढ तिच्याशिवाय अशक्य होती. मात्र वाचनाच्या विभागणीची रेषा आता सरकली. पूर्वी ती इंग्रजी आणि मराठी यांच्यामधून जात होती. आता ती मराठीच्या आतून जाऊ लागली. काही मराठी ग्रंथ ‘नेमलेले’ झाले आणि उरलेले ‘अवांतर’. नेमलेल्या ग्रंथाविषयी विद्यार्थ्याने काय म्हणावे हे प्रश्नपत्रिकेच्या अपेक्षेतून ठरू लागले आणि टिपणे व मार्गदर्शके ती अपेक्षा पुरवू लागली. ज्या वयात हरिभाऊंनी आगरकरांच्या भाषांतराची चिकित्सा केली, त्याच वयाचा विद्यार्थी चिकित्सेचा निष्कर्ष पाठ करू लागला.

त्यामुळे वाङ्मयीन बंडाळीला पुन्हा अभ्यासक्रमाबाहेरच जागा शोधावी लागली. १९५५ च्या सुमारास ‘शब्द’ हे अनियतकालिक निघाले तेव्हा त्याच्या कर्त्यांपैकी दिलीप चित्रे अजून विशीच्या आत होते. १९६३ मध्ये ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर या विद्यार्थ्याच्या रूपाने महाविद्यालयीन जीवनाची पोकळी कादंबरीचा विषय झाली. त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘वाचा’ हे लघुनियतकालिक आले. आज्ञार्थी क्रियापद आणि वाणी असे दोन्ही अर्थ धारण करणारे हे नाव वाचन व बोलणे यांचे तुटलेले नाते पुन्हा जोडू पाहते.

६

येथवरच्या विवेचनावरून अवांतर वाचन म्हणजे स्वातंत्र्य आणि नेमलेले वाचन म्हणजे बंधन, असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. ‘अवांतर’ या शब्दात एक गृहीत दडलेले आहे : घरी पुस्तके आहेत, वेळ आहे आणि वाचण्याचा अधिकार कोणी नाकारलेला नाही. १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुल्यांनी नाकारले, तेव्हा त्यांनी आक्षेप घेतला तो या गृहीतावरच. ज्याच्या कुळात अक्षर प्रथमच येत आहे, त्याच्या दृष्टीने नेमलेले पुस्तक हेच बहुधा पहिले पुस्तक असते.

म्हणूनच डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेल्या आणि पुढे मिलिंद या नावाने ओळखल्या गेलेल्या महाविद्यालयाचे उदाहरण निर्णायक ठरते. म. भि. चिटणीस, म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्या सहवासात तेथे अभ्यासक्रम आणि अवांतर यांची फारकत वेगळ्या प्रकारे मिटली. नेमलेली पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्या पुस्तकांत आपण कोठे आहोत हा प्रश्न पडला, आणि तो प्रश्न मांडण्यास महाविद्यालयाचेच नियतकालिक मिळाले. याच वातावरणातून १९६७ मध्ये ‘अस्मिता’ आणि पाठोपाठ ‘अस्मितादर्श’ ही नियतकालिके निघाली. ‘अस्मितादर्श’च्या मेळाव्यांना ‘लेखक-वाचक मेळावा’ असे नाव आहे. वाचक हा लेखकाचा केवळ ग्राहक नव्हे, दोघे एका पंक्तीत बसतात, ही एल्फिन्स्टनच्या सभेतील मूळ कल्पनाच येथे परतलेली दिसते. मात्र १८४८ च्या सभेत ज्याला आसन मिळण्याचा संभव नव्हता, तोच आता यजमान आहे.

विद्यार्थी-वाचकाच्या या इतिहासातून मराठीच्या विभागांपुढे येणारा प्रश्न कोणते ग्रंथ नेमावेत इतकाच नाही. नेमलेल्या ग्रंथाविषयी विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाहून वेगळे मत सकारण लिहिले, तर ते छापायला, वाचायला आणि त्याला उत्तर द्यायला जागा कोठे आहे, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. हरिभाऊंना ‘निबंधचंद्रिका’ मिळाली, मिलिंदच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या महाविद्यालयाचे नियतकालिक मिळाले. उत्तरपत्रिका मात्र एकच व्यक्ती वाचते, आणि निकाल लागल्यावर ती रद्दीत जाते.