बोटांना निलगिरीचा वास

आधी कानटोपी नीट ओढून घ्या. तुम्ही उतरताय निफाडजवळच्या कुंदेवाडीत, ऐन पौषात, ऐंशीच्या दशकाच्या उतरणीला. थंडी पाहायची तर इथेच. निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते, आणि त्याची नोंद होते इथल्याच गहू संशोधन केंद्रात. तोंडातून वाफ निघतेय, बोटं बधिर झालीत. कुणीतरी पाचट पेटवलंय, तिकडे सरका. धूर डोळ्यांत जातोय? जाऊ द्या. चहा बशीत ओता, फुर्रकन ओढा.

आता खोल श्वास घ्या. धुराच्या आडून येणारा वास ओळखलात? सर्दी झाली की आजी रुमालावर थेंब टाकायची, तोच. बांधापलीकडे निलगिरी ओळीने उभी आहे. एक पान तोडा. लांबट, विळ्यासारखं वाकडं. चुरगळा. नाकात झिणझिण्या आल्या ना? शेजारी सोललेल्या बल्ल्यांचा ढीग आहे, हात फिरवून बघा, ओलसर, गुळगुळीत.

शेकोटीभोवती आवाज चढलेत. ऊस कळतो, द्राक्षं कळतात, पण झाडाचं पीक? अन् निलगिरी पाणी किती पिते! हे वेड लावणारा माणूस याच गावचा, सरपंचकीपासून मंत्रिपदापर्यंत गेलेला, विनायकदादा पाटील. एकेकट्याने बल्ल्या विकायला गेलं तर व्यापारी सांगेल तोच भाव. म्हणून 1983 मध्ये जिल्ह्यातल्या निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था त्यांनी उभी केली. लोक त्यांना वनाधिपती म्हणतात. मला ही पदवी मंत्रिपदाहून वजनदार वाटते.

कानटोपी काढा आता, काही वर्षं पुढे सरका. नाशिक, संध्याकाळ. खुर्च्या घासल्याचा आवाज, मोगऱ्याचे गजरे, खच्चून भरलेलं सभागृह. पंख्याखाली जागा मिळाली तर नशीब. तात्यासाहेब शिरवाडकरांच्या, म्हणजे कवी कुसुमाग्रजांच्या, या गावात कुसुमाग्रज प्रतिष्ठानचं अध्यक्षपद दादांनीच सांभाळलं. राजकारणातला माणूस कवितेच्या घरी इतका रुळलेला मी फारसा पाहिला नाही.

पुस्तकांच्या टेबलाशी थांबा. त्यांचं पुस्तक हातात घ्या, ‘गेले लिहायचे राहून’. आरती प्रभूंच्या कवितेची आठवण करून देणारं हे नाव माझ्या मनात घर करून आहे. गावकी, सभा, फायली, झाडं, एवढ्या धबडग्यात लिहायला सवड कुठून काढायची? तरी त्यांनी काढली. मागची गर्दी रेटतेय, रेटू द्या. उघडा, पान उलटा. बोटांना अजून निलगिरीचा वास आहे.